तडीपारीने खान्देशातली गुंडगिरी थांबते का, आणि पूर्वी सरकार काय करायचं?

काही काळ थांबते, संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५५ ते ५७ खाली जास्तीत जास्त दोन वर्षं हद्दपार करता येतं. पण जळगावातून काढलेला माणूस बऱ्हाणपुरात खोली घेतो आणि मोबाईलवरून आपली माणसं हलवतो. त्यापुढचं पाऊल म्हणजे १९८१ चा 'एमपीडीए', म्हणजे धोकादायक कृत्यं रोखण्याचा कायदा, झोपडपट्टीदादा-हातभट्टीवाल्यांसाठी केलेला. त्यात वाळूतस्करही आले, आणि गिरणाकाठच्या गावांना ते का हे सांगायला नको. या कायद्याने जास्तीत जास्त वर्षभर स्थानबद्धता होते, तीही खटल्याविना. म्हणून तो जपून वापरावा, असं मला मनापासून वाटतं.

कारण जुना इतिहास वाईट आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी इथल्या भिल्लांचा बंडावा आधी बंदुकीने मोडायला पाहिला, जमलं नाही. मग १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने त्याच भिल्लांची पलटण उभी केली, धरणगावला तिचं ठाणं होतं. पगार आणि मान मिळाल्यावर बरेच जण स्थिरावले. (हेतू राज्य टिकवण्याचा होता, हे विसरू नये.) उलट १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की आजही पहिला संशय पारध्यांच्या पालावर जातो.

तुमच्या गल्लीत त्रास असेल तर लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तडीपारीचा प्रस्ताव अशा नोंदींवरच उभा राहतो.