मॉडेल रेल्वेचं इंजिन धावतं, दिवे लागतात, पण आवाज नाही?

गाडी नीट धावते म्हणजे डीकोडर (इंजिनातली, आज्ञा पाळणारी चिप) जिवंत आहे, तेव्हा लगेच बॉडी उघडू नका. बऱ्याचदा आवाज फक्त बंद केलेला असतो. ईएसयू कंपनीच्या लोकसाउंड डीकोडरमध्ये तो साधारणपणे कंट्रोलरवरच्या एफ१ बटणाने सुरू होतो, तर अनेक अमेरिकन इंजिनांत एफ८ हे म्यूटचं बटण असतं. दोन्ही एकेकदा दाबून पाहा.

मग व्हॉल्यूम. लोकसाउंडचा मुख्य आवाज सीव्ही ६३ मध्ये असतो (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग), साउंडट्रॅक्स कंपनीच्या त्सुनामी२ डीकोडरमध्ये सीव्ही १२८ मध्ये. तिथे शून्य असेल तर कारण सापडलंच.

नवख्यांना हमखास चकवतो तो सीव्ही १९. इंजिन कधी दुसऱ्याला जोडून चालवलं असेल, तर कन्सिस्टचा, म्हणजे एकत्र जोडलेल्या इंजिनांचा, पत्ता (ज्या क्रमांकावर आज्ञा येतात तो) त्यात तसाच राहतो. मग इंजिनाच्या स्वतःच्या पत्त्यावर वेगाच्या आज्ञा डीकोडर पाळत नाही. हॉर्न-घंटा कन्सिस्टच्या पत्त्यावर वाजणार की नाही, हे सीव्ही २१ आणि २२ ठरवतात. म्हणून गाडी कन्सिस्टमध्येच चालते आणि हॉर्न मुका असेल, तर आधी हे दोन बघा. एकटं चालवायचं असेल तर १९ मध्ये ० लिहा.

फॅक्टरी रीसेट शेवटी करा. बहुतेक डीकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहून तो होतो, पण पत्ता परत ३ होतो आणि तुमची सगळी जुळवणी पुसली जाते. आधी सीव्ही टिपून ठेवा, कळकळीने सांगतो.

तरीही शांतता असेल तरच बॉडी काढा आणि स्पीकरची तार निसटली आहे का पाहा. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर ७ च्या आसपास दिसला तर तो ठीक आहे.