‘कोर्स फिश’ला मराठीत काय म्हणावे?

इंग्लंडमधील नद्यांविषयीच्या लेखाचा अनुवाद करताना ‘कोर्स फिश’ (coarse fish) या संज्ञेसाठी ‘खडबडीत मासे’ किंवा ‘भरड मासे’ हे शब्द चालतील का, आणि नदीत मासे पुन्हा नांदू लागण्यासाठी त्याच लेखात आलेल्या ‘रिकव्हरी’ला काय म्हणावे, अशी पृच्छा आली आहे.

‘खडबडीत’ हा शब्द चूक आहे, कारण या संज्ञेचा माशाच्या अंगाशी संबंध नाही; याच गटातल्या टेंच माशाचे खवले अगदी बारीक असून त्याचे अंग बुळबुळीत असते. ब्रिटनमध्ये सामन आणि ट्राउट हे ‘गेम फिश’, म्हणजे पारधीच्या मानाचे मासे, आणि रोच, डेस, चब, ब्रीम, बार्बेल, पर्च, पाइक असे गोड्या पाण्यातले इतर मासे ‘कोर्स’. अभ्यासक्रमासाठी आपण जो ‘कोर्स’ (course) शब्द वापरतो, त्याच इंग्रजी शब्दातून हे विशेषण निघाले असून त्याचा जुना अर्थ ‘नेहमीचा, सर्वसाधारण’ असा होता. खरखरीतपणाचा अर्थ त्याला पुढे चिकटला. (‘गेम फिश’ला ‘शिकारी मासे’ म्हणणे तर पूर्ण दिशाभूल करील, कारण इतर मासे गिळणारा पाइक ‘कोर्स’ गटातच मोडतो.)

‘भरड’ हा शब्द अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी यांना ‘भरड धान्य’ म्हणताना आपणही नकळत प्रतवारी लावत आलो, आणि तो कमीपणा पुसावा म्हणूनच आता ‘पौष्टिक तृणधान्य’ ही संज्ञा रूढ केली जात आहे. जो शब्द आपण धान्यावरून काढू पाहतो, तो माशांवर नव्याने लादू नये, असे मला मनापासून वाटते. ‘चिल्लर मासळी’ही नको, कारण पाइक चांगला मोठा वाढतो. ‘साधे नदीमासे’ असे लिहावे आणि पहिल्या उल्लेखात ‘सामन-ट्राउट वगळता गोड्या पाण्यातले इतर मासे’ असा खुलासा करावा. हा भेद कायद्यातही आहे: सामन-ट्राउटची वीण हिवाळ्याच्या सुमारास, तर या माशांची वसंतात होते, म्हणून इंग्लंडच्या नद्यांत त्यांच्यासाठी १५ मार्च ते १५ जून असा वेगळा बंदीकाळ असतो आणि त्याचे मूळ १८७८च्या कायद्यात आहे.

‘रिकव्हरी’साठी मात्र एकच शब्द पुरणार नाही. लंडनजवळच्या थेम्स नदीत सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू संपत गेला आणि १९५७मध्ये तिथल्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या शास्त्रज्ञांनी तो पट्टा जैविकदृष्ट्या मृत ठरवला. पुढे सांडपाण्यावरची प्रक्रिया सुधारली, तसे मासे आपणहून परतले. याला ‘पुनरागमन’ म्हणावे. १९७४मध्ये सापडलेल्या एका सामनची आठवण आजही काढली जाते, परंतु साधे मासे त्याआधीच परतू लागले होते, आणि अनुवादात हा क्रम हरवू नये. याउलट नॉटिंगहॅमशरमधील कॅल्व्हर्टनच्या सरकारी मत्स्यकेंद्रात रोच, चब, बार्बेल वाढवून ते नद्यांत सोडले जातात, आणि त्याचा खर्च गळाने मासे धरणाऱ्यांच्या परवाना शुल्कातून भागतो. तिथे आपल्याकडच्या धरणांवर रुळलेला ‘मत्स्यबीज सोडणे’ हा शब्दप्रयोगही नेमका बसणार नाही, कारण यातले बरेच मासे केंद्रात वाढवून मगच सोडलेले असतात. ‘वाढवलेले मासे सोडणे’ असे सरळ लिहावे.