नागपूरात भाड्याच्या घरांवर मनपाचं काही लक्ष असतं का? घराची तक्रार कुठं करायची?

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंनी लिहिलंय की ते यवतमाळहून नोकरीसाठी आले, नंदनवनला एका तीन मजली घरात तळमजल्यावर रूम घेतली, भिंतीला ओल आहे, मागचं गडर, म्हणजे गटार, सारखं तुंबतं, मालक म्हणतो पटत नसेल तर खाली करा, आणि त्यांचा चुलतभाऊ इंग्लंडला राहतो तो सांगतो की तिकडे कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या मनपाचा, माणूस येऊन भाड्याचं घर तपासून जातो. तर नागपूर मनपा असं काही करते का?

सरळ सांगते, नाही करत. "हे भाड्याने दिलेलं घर आहे, चला पाहून येऊ राहण्यालायक आहे का" असं म्हणून मनपाचा कोणताही माणूस तुमच्या दारात येणार नाही, असा विभागच नाही आपल्याकडे. पण म्हणून हात टेकून बसायचं कारण नाही, कारण घरात जे जे बिघडलं असतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर मनपाच्या कोणत्या ना कोणत्या टेबलाचा अधिकार चालतो, फक्त ते टेबल वेगवेगळे आहेत. झोन ऑफिसात जाऊन "मालक त्रास देऊन राहिला" म्हटलं की ते म्हणतात तुमचा आपसातला वाद आहे, कोर्टात जा. तेच "गडर तुंबून घाण पाणी बाहेर येऊन राहिलं" असं लिहून दिलं की ते त्यांचं काम होतं. मी कॉलेजपासून भाड्यानेच राहते, आमच्या लेआउटच्या नागरिक मंडळात भाडेकरूंचे अर्ज लिहून देते, आणि अर्जात मालकाचं नाव आधी आलं की तो अर्ज पडून राहतो आणि गडर आधी आलं की कोणीतरी पाहायला येतं, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

आधी तुमच्या गडरचं बघू. कंपाउंडच्या आतलं चेंबर घरमालकाचं असतं आणि बाहेर रस्त्याखालची मेन लाईन मनपाची. आता चूक कोणाची ते कसं कळणार, तर दोन्ही झाकणं उघडून पाहायची. रस्त्यावरचं चेंबर पण काठोकाठ भरलं असेल तर मेन लाईन चोक आहे, मनपाने मशीन आणून साफ करायची. बाहेरचं रिकामं आणि आतलंच भरलेलं असेल तर मधला पाईप बसलाय किंवा मुळं शिरली आहेत, तो खर्च मालकाचा. दोन्हीचे फोटो एकाच दिवशी काढा, मागे घर आणि गल्ली दिसली पाहिजे. हे दोन फोटो सोबत असले की झोनमधला माणूस "आतलं आहे, आमचं नाही" असं न पाहता म्हणू शकत नाही, आणि आतलंच निघालं तरी घाण पाणी शेजारी किंवा रस्त्यावर जात असेल तर आरोग्य विभागाकडून मालकाला नोटीस काढायला सांगता येते. नंदनवन नेहरूनगर झोनमध्ये येतं, तिथेच जायचं, सिव्हिल लाईन्सच्या मेन ऑफिसात गेलात तर ते परत झोनलाच पाठवतील. मनपाचे एकूण 10 झोन आहेत आणि प्रत्येकाला एक सहायक आयुक्त असतात, अर्ज त्यांच्या नावाने करायचा.

नळाला गढूळ किंवा वास येणारं पाणी येत असेल तर ते वेगळं लिहा आणि आधी लिहा. 24 तास पाण्याच्या योजनेत 2012 पासून ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी मनपाकडून पाणी देते, आणि नळात गडरचं पाणी मिसळतं अशी तक्रार सगळ्यात लवकर हलते कारण त्यातून अख्खी गल्ली आजारी पडू शकते.

इंग्लंडचं जे तुमच्या भावाने सांगितलं ते खरं आहे पण अर्धं. तिथेही प्रत्येक भाड्याच्या घराला लायसन्स लागतंच असं नाही. एका घरात पाच किंवा जास्त माणसं, एकाच कुटुंबातली नसलेली, किचन बाथरूम शेअर करून राहत असतील तर 2004 च्या हाउसिंग ॲक्टप्रमाणे मालकाला कौन्सिलचं लायसन्स घ्यावंच लागतं, बाकी घरांचं ज्या त्या कौन्सिलने आपल्या एरियापुरतं ठरवायचं. अशा घरात एका मोठ्या माणसाच्या झोपायच्या खोलीला किमान 6.51 चौरस मीटर जागा पाहिजे, दोघांना 10.22. अमेरिकेत सिएटलला तर भाड्याची घरं शहराकडे रजिस्टर करावी लागतात आणि पाच ते दहा वर्षांत एकदा तरी तपासणी होते. आता आपल्याकडची मेडिकल चौकाजवळची किंवा प्रतापनगर त्रिमूर्तीनगरकडची दहा बाय दहाची खोली घ्या, ती भरते 9.29 चौरस मीटर, म्हणजे तिकडच्या हिशोबाने दोघांना पण पुरत नाही आणि आपण तिच्यात तीन पलंग टाकून तीन पोरांकडून वेगवेगळं भाडं घेतो. मला याचा खरंच राग येतो, कारण ती पोरं गोंदिया, गडचिरोली, वाशिमकडून शिकायला आलेली असतात आणि घरी सांगत नाहीत कशात राहतात ते.

महाराष्ट्रात भाड्याचा कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, तो 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याच्या आधी विदर्भात सीपी अँड बेरार या जुन्या प्रांताचा 1949 चा आदेश चालायचा, म्हणून महाल इतवारीतले जुने लोक अजून "रेंट कंट्रोलरकडे जा" म्हणतात, पण आता भाडेकरू मालकाचे वाद कोर्टात जातात, मनपाचा त्यात रोल नाही. या कायद्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. कलम 55 म्हणते करार लेखी आणि रजिस्टर्ड पाहिजे आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, नाही केला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं जोवर उलट सिद्ध होत नाही, वरून मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड. कलम 29 म्हणते पाणी, लाईट अशा गरजेच्या सोयी मालकाला तोडता येत नाहीत. आणि कलम 14 म्हणते दुरुस्ती मालकाने करायची, नोटीस देऊन किमान पंधरा दिवस वाट पाहूनही नाही केली तर भाडेकरू स्वतः करून भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत.

पण इथेच एक अडचण आहे जी कोणी सांगत नाही. तुमचा करार बहुतेक 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असेल, आणि त्यात तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून लायसन्सी, म्हणजे जागा वापरायची फक्त परवानगी मिळालेला माणूस, असता. म्हणजे कलम 14 आणि 29 मध्ये भाडेकरूला जो हक्क दिलाय तो जसाच्या तसा तुम्हाला मिळेल हे धरून चालू नका. म्हणून ते करारातच लिहून घ्यायचं, दुरुस्ती कोण करणार, किती दिवसात, सबमीटरचा युनिटचा रेट काय, डिपॉझिट किती दिवसात परत, पेंटिंगचे पैसे कापणार का. आणि 500 च्या स्टॅम्पवर नोटरी करून घेऊ नका, सगळे तेच करून राहिले आणि मग डिपॉझिटसाठी भांडतात. रजिस्ट्रेशन घरबसल्या ऑनलाइन होतं, स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, शहरात फी 1000 रुपये. नऊ हजाराचं भाडं आणि वीस हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांची ड्युटी तीनशेच्या आतबाहेर येते. मालक नाही म्हणत असेल तर खर्च तुम्ही द्या, त्याच्यापेक्षा जास्त पैसे घर खाली करताना जातात. हा कागद पुरात पण कामी येतो. सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या लेआउटमध्ये रात्रीतून पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्यांचे फ्रिज, गाद्या, पोरांची पुस्तकं सगळं गेलं, आणि घर मालकाचं असलं तरी सामान भाडेकरूचं असतं, पंचनाम्यात नाव लागायला तुम्ही तिथे राहता याचा पुरावा पाहिजे की नाही.

मनपाचा माणूस भाड्याच्या खोलीत खरोखर आत कधी येतो माहिती आहे? डेंग्यूच्या सिझनला. पावसाळ्यात घरोघरी सर्वे होतो, आशाताई किंवा मलेरिया विभागाचे लोक येतात, टॉर्च मारून कूलरची टाकी पाहतात, ड्रम पाहतात, कुंडीखालची ताटली उचलून पाहतात, अळ्या दिसल्या की पाणी ओतून देतात, दाराजवळ खडूने तारीख लिहून पुढच्या घरी. आमच्या मागच्या घरात खिडकीला टांगलेला मालकाचा कूलर होता, उन्हाळा संपून दोन महिने झाले तरी टाकीत पाणी तसंच, किल्ली मालकाकडे आणि मालक पुण्याला. सर्वेवाल्या ताईंनी खालून काठीने गवताची जाळी सरकवली आणि टॉर्चमध्ये टाकीभर अळ्या वळवळताना दिसल्या. त्यांनी तिथेच वहीत नोंद केली, मालकाला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन माणूस हजर. आम्ही फोन करून करून थकलो होतो. तेव्हा मला पटलं की घरात शिरून पाहायची यंत्रणा मनपाकडे आहे. त्या ताई प्रत्येक घरात जातात, कोणत्या खोलीत किती माणसं आहेत त्यांना दिसतं, पण लिहायचं असतं फक्त अळ्यांचं. टॅक्स विभागाच्या सर्वेत घरात मालक राहतो की भाडेकरू हे विचारतात, तेही फक्त टॅक्ससाठी. ही माहिती एका जागी आली तर शहराला आपल्या भाड्याच्या घरांचं निम्मं चित्र कळेल.

हॉस्टेल, पीजीचं तर मी वेगळंच सांगेन. 2006 चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा अशा इमारतींना लागू होतो, दर वर्षी जानेवारी आणि जुलैला लायसन्स असलेल्या एजन्सीकडून फायरची यंत्रणा चालू आहे असं सर्टिफिकेट द्यायचं असतं. रूम पाहायला गेलात की जिना पहा, एकच आहे का, खाली मीटरबोर्ड आणि त्याच्याच बाजूला गाड्या लावल्या आहेत का, रात्री चॅनल गेटला कुलूप लावून किल्ली कोण ठेवतं. हे जिथे बरोबर नाही तिथे मनपाच्या अग्निशमन विभागाला लेखी कळवा, आत राहत असाल आणि भीती वाटत असेल तर आईवडिलांच्या नावाने कळवा.

एक गोष्ट तपासून घ्या, तुमचं घर नक्की कोणाच्या हद्दीत आहे. नंदनवनचं ठीक आहे, पण मित्रमंडळी विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक भागात नोकरीला लागले म्हणून बेसा पिपळाकडे रूम घेतात, ते मनपात नाही, तिथे नगरपंचायत आहे. आणि बाहेरच्या भागात मंजुरीशिवाय पडलेल्या 572 आणि 1900 लेआउटचा प्रश्न वर्षानुवर्षं चालू आहे, प्लॉटचं आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, नसेल तर गडर, रस्ता या सोयीच उशिरा पोचतात आणि नागपूर सुधार प्रन्यास म्हणजे नासुप्र म्हणते मनपाकडे जा, मनपा म्हणते नासुप्रकडे. रूम घेताना मालकाला आरएल आहे का एवढं विचारायला काही हरकत नाही.

शेजाऱ्यांची बाजू पण आहे. आमच्याच मंडळात लोक म्हणतात बॅचलर नको, रात्री गाड्या, कचरा कोपऱ्यावर. कचरा टाकणाऱ्याला मनपाचं उपद्रव शोध पथक दंड करतं, रात्री 10 नंतर मोठ्याने आवाज असेल तर 112 आहे, तेवढं पुरे. पण "बॅचलरला घरच द्यायचं नाही" असा ठराव करणं मला मान्य नाही, मी मीटिंगमध्ये पण बोलले, ज्या घरात आठ पोरं कोंबली तिथे चूक कोंबणाऱ्याची आहे.

महाल, गांधीबागकडच्या जुन्या इमारतीत कोणी राहत असेल तर त्यांच्यासाठी, पडायला आलेल्या बांधकामाला मनपा महानगरपालिका कायद्याच्या कलम 264 ची नोटीस देते आणि ते योग्यच आहे, पावसाळ्यात जीव जातात. पण जुना भाडेकरू काढायला पण कोणी कोणी या नोटिशीचा आधार घेतात, तेव्हा स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा, आणि खाली करायच्या आधी आपली जागा किती चौरस फूट होती ते लेखी घ्या.

आता नगरसेवकांचं. मार्च 2022 ला मुदत संपली तेव्हापासून जवळपास चार वर्षं इथे प्रशासकच होते, जानेवारी 2026 ला निवडणूक झाली, 38 प्रभाग, 151 नगरसेवक. म्हणजे सभागृहात विषय मांडायला माणूस आता आहे. माझं मत असं की प्रत्येक भाड्याच्या घराला लायसन्स वगैरे मागू नये, वरची एक खोली देऊन औषधपाण्याचा खर्च काढणाऱ्या काकूंवर तो भार पडेल आणि शेवटी भाड्यातच वसूल होईल. सुरुवात हॉस्टेल, पीजी आणि खोल्या पाडून दिलेल्या इमारतींपासून करावी, झोनमध्ये नोंदणी, माणसामागे जागा किती, संडास किती, फायरचं सर्टिफिकेट, आणि वर्षातून एकदा तपासणी. केंद्राने 2021 ला आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको असं आहे, पण तो राज्याने स्वीकारल्याशिवाय इथे लागत नाही. नोंदणीचं मात्र महासभेत बोलता येतं, तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकाला भेटा, एकटे न जाता त्या बिल्डिंगमधले सगळे मिळून जा.

तुम्ही या आठवड्यात एवढं करा. अर्ज मराठीत, एका पानात, गडरचा एक आणि ओलीचा दुसरा, एकत्र करू नका नाहीतर एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहील. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय परतू नका. काही हललं नाही तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात विचारा की अमुक नंबरच्या अर्जावर काय कार्यवाही केली, 30 दिवसात उत्तर द्यावं लागतं, आणि तो अर्ज आला की जुनी फाईल सापडते. मालकाला पण तेच दोन मुद्दे रजिस्टर पोस्टाने पाठवा, व्हॉट्सॲपवर भांडू नका. आणि ओलीचे फोटो आताच काढा, भिंतीजवळ स्केल किंवा पट्टी धरून, कारण उन्हाळ्यात भिंत वाळली की झोनच्या इंजिनिअरला दाखवायला काही राहत नाही.