आकाशकंदिलातले एलईडी पटापट का जळतात?

प्रश्न : मी आणि माझ्या मुलाने मिळून यंदा बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद वापरून घरीच आकाशकंदील केला. गॅलरीत प्लग पॉइंट नाही म्हणून ६ पांढरे एलईडी आणि एक चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी आणली, सगळ्यांचे लांब पाय एकत्र आणि आखूड पाय एकत्र पिळून बॅटरीला जोडले. एकदम झगझगीत उजेड पडला, मग एक गेला आणि लगेच पाठोपाठ सगळेच गेले, बॅटरीपण गरम झाली. मुलगा फार हिरमुसलाय. माल खराब होता का आमचं काही चुकलं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, माल चांगलाच असणार, कारण लागल्या लागल्या झगझगीत उजेड पडला म्हणताय. लांब पाय प्लसला हेही बरोबर केलंत. राहिला फक्त रेझिस्टर, म्हणजे करंट अडवून धरणारा छोटासा भाग.

आपण साध्या बल्बसारखा विचार करतो, व्होल्टेज जास्त दिलं तर थोडा जास्त पेटेल इतकंच, पण एलईडीचं तसं नसतं. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ ते ३.४ व्होल्ट लागतात, त्याच्या खाली तो जवळपास काहीच करंट घेत नाही आणि त्याच्या जरा वर गेलात की करंट एकदम उसळतो. साध्या ५ एमएमच्या एलईडीला २० मिलिअँपिअरच्या पुढे न्यायचं नसतं, आणि तुम्ही तर सरळ ९ व्होल्ट लावले, म्हणजे करंट अडवणारं मधे कुणीच नाही. शिवाय ६ जण अगदी सारखे कधीच नसतात, ज्याचं व्होल्टेज किंचित कमी तो जास्त करंट ओढतो, तापतो, तापला की अजून ओढतो आणि पहिला जातो, मग त्याचा वाटा उरलेल्यांवर येतो. तुमच्याकडे पाठोपाठ गेले ते यामुळेच.

रेझिस्टर किती ओहमचा घ्यायचा हे काढणं मुलालाही जमेल, त्याच्याकडूनच करून घ्या. बॅटरीच्या व्होल्टमधून एलईडीचे व्होल्ट वजा करायचे, उरतील त्यांना करंटने भागायचं. ९ वजा ३.२ म्हणजे ५.८, भागिले ०.०१५ अँपिअर (म्हणजे १५ मिलिअँपिअर, २० च्या आतच राहू), आले ३८७ ओहम, दुकानात ३९० चा मिळतो. प्रत्येक एलईडीला वेगळा.

पण खरं सांगू का, ती चौकोनी बॅटरी या कामाला घेऊच नका. दिसायला दणकट असते पण आत छोटे छोटे ६ सेल असतात, चांगली अल्कलाइन घेतली तरी ५०० एमएएचच्या आसपास (मिलिअँपिअर गुणिले तास, म्हणजे सेलमध्ये किती साठा आहे ते), आणि वर तिच्या ९ पैकी जवळजवळ ६ व्होल्ट रेझिस्टर तापवण्यातच जाणार. तेच ४ पेन्सिल सेल घ्या, ओळीने, म्हणजे एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला असे जोडले की ६ व्होल्ट होतात, आणि अल्कलाइन पेन्सिल सेल २००० एमएएचच्या वर सहज देतो. ४ सेलचा तयार होल्डर मिळतो, लाल-काळी वायर बाहेर आलेली असते, सेल संपले की नुसते बदलायचे.

आता ६ वजा ३.२ म्हणजे २.८ व्होल्ट उरले. १५ मिलिअँपिअरला १८० ओहम लागेल, पण मी म्हणेन ३३० चा लावा (त्याच्यावरचे रंगीत पट्टे नारिंगी, नारिंगी, तपकिरी आणि शेवटी सोनेरी), करंट साडेआठ मिलिअँपिअरवर येईल, म्हणजे जवळपास निम्मा, पण डोळ्याला उजेड निम्मा झाल्यासारखा वाटत नाही आणि पतंगाच्या कागदाआडून तर फरक कळणारच नाही. सहा जणांचे मिळून ५० मिलिअँपिअर, कागदावर ४० तास येतात. सेल उतरत जातात तसा उजेडही मंद होतो म्हणून पूर्ण ४० धरू नका, पण रोज संध्याकाळी ४ तास लावलात तरी धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत सेल बदलावे लागणार नाहीत.

जोड नुसते पिळून ठेवू नका, गॅलरीत वाऱ्याने कंदील हलतो आणि जोड सुटतात, डाग द्या (सोल्डर करा) आणि वर टेप गुंडाळा. सेलचा होल्डरही कंदिलात टांगू नका, वजनाने कामट्या वाकतात, वर दांडीला बांधा.

प्रश्न : ३ पांढरे एलईडी ओळीने जोडले, ३ गुणिले ३ म्हणजे ९, मग ९ व्होल्टच्या बॅटरीला रेझिस्टर नाही लावला तरी चालेल ना? पेटतात पण मंद, आणि थोड्या वेळात जातातच. (एक वाचक, परभणी)

उत्तर : हिशोब काठावरचा आहे दादा. प्रत्येकी ३.२ धरले तर ९.६ व्होल्ट हवेत, आणि बॅटरी वापरायला लागलात की ९ वरून खाली यायला लागतेच. दोनच ओळीने घ्या आणि १८० ओहम लावा. ३ हवेच असतील तर लाल घ्या, लाल एलईडी २ व्होल्टवर भागवतो, तिघांचे ६, आणि १५० ओहम. फक्त लाल आणि पांढरे एकाच रेझिस्टरवर शेजारी शेजारी जोडू नका, सगळा करंट लाल घेतो आणि पांढरा पेटतच नाही.

प्रश्न : बटण सेलला एलईडी नुसता चिमटीत धरून लावला तर जळत नाही, असं का? लहान मुलांना करायला देऊ का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : सीआर २०३२ हा सेल ३ व्होल्टचा, आणि त्याचा आतला रोधच इतका असतो की जास्त करंट तो देऊच शकत नाही, रेझिस्टरचं काम सेल स्वतःच करतो. प्रयोग छान आहे, पण छोट्यांच्या हातात अजिबात देऊ नका. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत आतून भाजू शकतं. घरात पाच-सहा वर्षांखालचं मूल असेल तर स्क्रूने बंद होणाऱ्या डबीतलाच सेल वापरा, वापरलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी टेप लावून हाताला लागणार नाही असा ठेवा, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी त्याच क्षणी दवाखाना गाठा, उलटी करवत बसू नका.