कपाटातला माफीनामा आणि नातीचा फोन

प्रश्न: मी एका अनुदानित माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका होते. २०१६ साली निवृत्त झाले. माझी नात आज त्याच शाळेत नववीत आहे. गेल्या आठवड्यात तिने मला तिचा फोन दाखवला. गणिताच्या सरांचे मेसेज, सगळे रात्री पावणेअकरानंतरचे. ‘झोपलीस का’, ‘आज माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस’, आणि शेवटी ‘वाचून डिलीट कर हं’. वह्या तपासायच्या निमित्ताने प्रयोगशाळेमागच्या खोलीत बोलावतात, पाठीवर हात फिरवतात, आतल्या पट्टीत बोट अडकवतात, असंही ती म्हणाली. हेच सर २०१४ साली माझ्या हाताखाली होते. तेव्हा आठवीतल्या दोन मुलींचे पालक अशीच तक्रार घेऊन आले होते. मी सरांकडून माफीनामा लिहून घेतला, त्या वर्गाचे त्यांचे तास काढले आणि विषय मिटवला. पालकांनाही तेच हवं होतं. माफीनाम्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे. मुलगा म्हणतो, शाळा बदलू, बोभाटा नको. नात म्हणते, स्क्रीनशॉट इन्स्टाग्रामवर टाकते. मी तक्रार केली तर २०१४ चं प्रकरण माझ्यावरच शेकेल का? आमच्या काळी हे असंच हाताळलं जायचं.

उत्तर: बाई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. उत्तराला तिथूनच सुरुवात करते.

तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा या विषयावर कायद्यात होतं तरी काय? १८६० सालच्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३५४. त्याला आपण मराठीत विनयभंग म्हणतो. शब्द बघा कसा आहे. भंग पावतो तो मुलीचा विनय. करणाऱ्याचं काय, हे त्या शब्दात कुठेच येत नाही. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. मुलग्यांच्या बाबतीत तर हे कलम लागूच होत नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत वापरात असलेली भाषाही त्याच घडणीची: ‘सर जरा आगाऊ आहेत’, ‘मुलींनी जपून राहावं’, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’. मी स्वतः त्याच काळात शाळेत होते. अमुक सरांच्या तासाला पुढच्या बाकावर बसायचं नाही, हे आम्हाला वरच्या वर्गातल्या मुली सांगायच्या. मोठ्या माणसांपैकी कोणी कधी सांगितलं नाही.

पण कायद्यापुरता तो काळ एका तारखेला संपला. १४ नोव्हेंबर २०१२. त्या दिवशी बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा अधिनियम, म्हणजे पॉक्सो, लागू झाला. मुलगा असो की मुलगी, अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात आलं. तुमचा माफीनामा २०१४ चा आहे. तो ‘आमच्या काळी’ मध्ये बसत नाही, बाई. तो नव्या कायद्याच्या काळातला आहे.

आता तुमच्या भीतीबद्दल, कारण पत्र त्यासाठीच लिहिलंय. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळतं, त्याने ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. न कळवल्यास कलम २१(१) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर कलम २१(२) खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. २०१४ साली प्रमुख तुम्ही होतात. पालकांची मिटवायची इच्छा होती, हा यावर बचाव होत नाही. तेव्हा तुमच्या हातून गुन्हा घडला का, या प्रश्नाचं माझं उत्तर ‘हो, बहुधा घडला’ असं आहे.

त्याबद्दल आज खटला चालेल का, हा प्रश्न मात्र निराळा. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने एका वर्षाच्या आत घ्यायची असते. ती मुदत कधीच उलटली. सरकारी वकील म्हणू शकतील की कळवण्याचं कर्तव्य रोज चालूच होतं, म्हणून गुन्हाही चालू होता. न्यायहितासाठी उशीर माफ करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. या दोन्ही शक्यता मी खोडून काढत नाही. पण गुन्हा जामीनपात्र आहे, आणि आपणहून कागद घेऊन आलेल्या साक्षीदाराला आरोपी करण्यात तपास अधिकाऱ्याला फारसं काही मिळत नाही. पेन्शनची काळजी तुम्ही लिहिली नाहीत, तरी ती असणारच. निवृत्तिवेतन नियमांनुसार, चौकशी सुरू होण्याच्या चार वर्षांपेक्षा आधी घडलेल्या घटनेवर निवृत्त माणसाची खातेनिहाय चौकशी नव्याने काढता येत नाही. तरीही जबाब देण्यापूर्वी स्वतःसाठी एक फौजदारी वकील गाठा. नातीच्या बाजूने काम पाहणारा वकील तोच नको, तुमचं आणि तिचं हित इथे तंतोतंत एक नाही. आणखी एक: साक्षीच्या पिंजऱ्यात न्यायालयाने भाग पाडल्यामुळे दिलेलं उत्तर त्या साक्षीदारावर खटला भरायला वापरता येत नाही, खोटी साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. हे संरक्षण न्यायालयातल्या साक्षीला आहे. पोलिसांना लिहून दिलेल्या कागदाचा मसुदा म्हणूनच वकिलाच्या नजरेखालून गेलेला बरा.

मला जास्त काळजी वाटते ती आजच्या तारखेची. गेल्या आठवड्यात नातीने फोन दाखवला, त्या क्षणी तुमच्यावर नवं कर्तव्य आलं. मुलावर आणि सुनेवरही आलं. २०१४ चं मुदतीत अडकलंय, हे अडकलेलं नाही.

नातीने सांगितलं त्यात कायद्याला काय दिसतं? अल्पवयीन मुलाशी किंवा मुलीशी पुन्हापुन्हा, फोनवरूनसुद्धा, लैंगिक हेतूने संपर्क ठेवणं हे पॉक्सोच्या कलम ११ खाली लैंगिक छळ, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पाठीवर हात फिरवून पट्टीत बोट अडकवणं हे कलम ७, म्हणजे लैंगिक हल्ला. त्या कलमात काही अवयवांची नावं आहेत, पण पुढे ‘लैंगिक हेतूने शारीरिक संपर्क असलेली इतर कोणतीही कृती’ असेही शब्द आहेत. करणारा शाळेचा कर्मचारी असेल तर ते कलम ९(च) खाली गंभीर स्वरूपाचं ठरतं आणि कलम १० प्रमाणे किमान पाच, कमाल सात वर्षांची शिक्षा आहे. ‘कपड्यावरून तर हात लावला’ असं घरात कोणी म्हणालं असेल तर सांगा, तो वाद मिटलाय. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये त्वचेला त्वचेचा स्पर्श हवा असा अर्थ लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द केला आणि स्पर्शामागचा हेतू महत्त्वाचा मानला.

सर म्हणतील, वडिलांच्या मायेने हात ठेवला. हे मी इतक्या खटल्यांत ऐकलंय की वाक्य सुरू झालं की पूर्ण मीच करू शकते. तुमची झेरॉक्स कामी येते ती इथे. आरोपी आधीही असाच वागला, एवढ्यावरून तो आताही दोषी, असं न्यायालयात चालत नाही. पण हेतू काय होता हा वादाचा मुद्दा झाला की तशाच जुन्या कृतीचा पुरावा ग्राह्य धरता येतो. शिवाय कलम ३० प्रमाणे दोषी मनोवृत्ती गृहीत धरली जाते, ती नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचं असतं. अर्थात मूळ घटना आधी सरकार पक्षाने शाबीत करावी लागते, म्हणून नातीचा जबाब आणि तो फोन हाच खटल्याचा कणा राहील. मूळ माफीनामा शाळेच्या दप्तरात असेल. तो कुठल्या फायलीत, कोणाच्या ताब्यात, हे आठवून लिहून ठेवा, पण शाळेत जाऊन शोधू नका. जप्त करायचं काम पोलिसांचं.

त्या दोन मुली आता पंचविशीच्या आसपास असतील. त्यांना स्वतः फोन करायची ऊर्मी तुम्हाला येईल. आवरा. उद्या उलटतपासणीत पहिला प्रश्न येईल, ‘बाईंनी तुम्हाला काय सांगायला सांगितलं?’ त्यांची नावं सीलबंद पाकिटात तपास अधिकाऱ्याकडे द्या आणि साध्या वेशातल्या महिला अधिकाऱ्याने, घरच्यांसमोर विषय न काढता, भेटावं अशी लेखी विनंती करा. त्यांना तक्रार करायची असेल तर कलम १० च्या गुन्ह्याला मुदतीची अडचण येत नाही. नको असेल तर त्यांच्यामागे लागायचा हक्क तुम्हाला नाही, निदान तुम्हाला तरी नाही.

मुलाबद्दल. शाळा खुशाल बदला, ते कोणी अडवणार नाही, पण त्याने कळवण्याचं कर्तव्य संपत नाही. तो ज्याला मिटवणं म्हणतोय, त्याचा एक नमुना सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. राजस्थानातल्या एका शिक्षकावर विद्यार्थिनीच्या छातीला हात लावल्याचा आरोप होता. वडिलांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की तक्रार गैरसमजातून झाली. उच्च न्यायालयाने त्या तडजोडीवर गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ ला तो आदेश मोडीत काढला: असा गुन्हा दोन कुटुंबांमधला खासगी मामला नाही, तडजोडीवर तो रद्द होत नाही. आणि या प्रकरणात दाद मागायला गेला होता तो घरचा माणूस नव्हता, बाहेरचा होता. तेव्हा घरच्यांनी मिटवलं की मिटलं, या भरवशावर मुलाने राहू नये. अब्रुनुकसानीची भीती त्याला वाटत असेल तर कलम १९(७) दाखवा: सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल दिवाणी वा फौजदारी कोणतीही जबाबदारी येत नाही.

नातीचा राग मला पटतो, तिचा उपाय पटत नाही. पोस्ट टाकली की तिची ओळख फुटते, आणि पीडित मुलाची किंवा मुलीची ओळख उघड करणं हा कायद्याने गुन्हा आहे. याच कारणाने तुमच्या पत्रातली तीन वाक्यं मी गाळली आहेत. शिवाय पोस्ट पाहिली की सर आपल्या फोनवरचं सगळं पुसून टाकतील. गंमत अशी की आजी झाकते, बाबा शाळा बदलतो, नात चव्हाट्यावर मांडते, आणि तिघांच्या वाटेत पोलीस ठाणं तेवढं येत नाही.

तिच्या फोनला आज हात लावू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, मूळ फोन लागतो आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रही लागतं. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर ती तेवढी बंद करा. पोलीस फोन घेतील तेव्हा जप्ती पंचनाम्याची प्रत मागून घ्या. नववीतल्या मुलीचा फोन काही महिने जाणं ही तिच्यासाठी लहान गोष्ट नाही, तेव्हा आधीच सांगा.

मुख्याध्यापकांच्या ‘कानावर घालायला’ आधी जाऊ नका. जुन्या ओळखीने तुम्ही पहिलं तेच कराल, म्हणून मुद्दाम लिहितेय. कानावर घातलेलं कानातच राहतं. आधी पोलिसांना लेखी खबर, पोहोच घेऊन. त्याच दिवशी शाळेला पत्र, त्याचीही पोहोच, आणि पत्रात त्या खोलीबाहेरचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी. त्यानंतर मुख्याध्यापकांवर कलम २१(२) चा भार येतो, जो एके काळी तुमच्यावर होता. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या प्रकरणात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर घटना न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला, हे आजच्या कोणत्याही संस्थाचालकाला सांगावं लागत नाही. ठाण्यात टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवरही मदत मिळते.

जबाबासाठी नातीला ठाण्यात बसवून ठेवता येत नाही. तो घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. चोवीस तासांत पोलिसांनी बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, समिती तिला तपासात आणि खटल्यात सोबत करणारी साहाय्यक व्यक्ती देऊ शकते. सुनावणी बंद दालनात होते आणि आरोपी तिच्या नजरेसमोर येणार नाही अशी व्यवस्था करावी लागते. वर्षभरात खटला संपवावा असं कायदा म्हणतो. ते क्वचित जमतं. तिला दहावीच्या वर्षात साक्षीला जावं लागू शकतं, हे तिच्यापासून लपवू नका.

आणि जबाबाच्या वेळी सोबत कोण, हे कलम २६ प्रमाणे तिच्या विश्वासावर ठरतं: आईवडील, किंवा ज्याच्यावर तिचा भरवसा आहे असं कोणीही. २०१४ चं तिला तुमच्या तोंडून आधी कळू द्या, पोलिसांकडून नको. मग विचारा, आत कोण हवंय. तिने तुमचं नाव घेतलं नाही, तर बाहेरच्या खोलीत बसून राहा.