आधी बोटाकडे बघ
अरे बाबू, परवा मालवणच्या खाडीत कालवं काढताना बोट कापलंस, ते कसं लाल, गरम, टम्म झालं? ते काम नुसत्या पांढऱ्या पेशींचं नव्हे. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर, एका पेशीइतकंच जाड, तेच त्यांना थांबवतं. हिस्टामिन (जखमेजवळ सुटणारं रसायन) लागताच पी-सिलेक्टिन, म्हणजे पांढरी पेशी पकडणारं प्रथिन, काही मिनिटांत अस्तराच्या पृष्ठभागावर येतं, कारण ते आत साठवलेलंच असतं. त्याचंच भावंड ई-सिलेक्टिन मात्र नव्याने बनवावं लागतं. म्हणून प्रयोगशाळेत वाढवलेल्या अस्तराच्या पेशींवर टीएनएफ (सुजेचा निरोप देणारं प्रथिन) घालून १० मिनिटांत ते शोधू नकोस (मी शोधलं होतं, अख्खी प्लेट वाया!). ४ तास थांब. सिलेक्टिनवर पांढरी पेशी गडगडत येते, नांगर फरफटत सरकणाऱ्या होडीसारखी. तिच्या इंटिग्रिनने (तिच्या अंगावरच्या पकड-प्रथिनाने) अस्तरावरचं आयकॅम-१ हे प्रथिन घट्ट धरलं की थांबते, मग बहुतेकदा अस्तराच्या दोन पेशींच्या फटीतून बाहेर. आणि प्रयोगासाठी बाळाच्या नाळेतून काढलेल्या ह्या अस्तराच्या पेशी पाचव्या-सहाव्या पॅसेजपुढे (नव्या भांड्यात पुन्हा वाढवायच्या फेरीपुढे) ओढू नकोस, स्वभाव बदलतो त्यांचा.