वरीलप्रमाणे

"मॅडम, तक्रार करावी असं माझ्या आयुष्यात काही नाही आणि तरी मी दिवसभर चिडलेली असते. मी कृतघ्न आहे का?"

समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत कितीतरी वेळा ऐकला आहे. या वेळी तो विचारणाऱ्या बाई 46 वर्षांच्या होत्या आणि हिशेब तपासण्याच्या कामात त्यांची 22 वर्षे गेली होती. (ओळख पटेल असे तपशील मी येथे बदलले आहेत.) प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. कुणाच्या तरी सांगण्यावरून दीड महिना त्या रोज रात्री झोपण्यापूर्वी तीन चांगल्या गोष्टी लिहीत होत्या. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात 'नोकरी, घर, सर्वांचे आरोग्य' असे होते. पुढच्या काही पानांवर तेच शब्द क्रम बदलून आले होते, आणि नवव्या दिवसापासून तारखेपुढे फक्त एक शब्द होता: 'वरीलप्रमाणे'. तो वाचून आम्हां दोघींनाही हसू आवरले नाही. पण हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. "एवढं साधं कामसुद्धा मला मनापासून जमत नाही," त्या म्हणाल्या.

वहीकडे वळण्याआधी काही गोष्टी तपासणे माझे काम होते. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगणेच निरर्थक वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते. अशा वेळी वही लिहायला सांगण्यापेक्षा मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणे महत्त्वाचे असते. घरात मारहाण किंवा सततचा अपमान होत असेल, तर 'जे आहे त्यात समाधान माना' हा सल्ला क्रूरपणाचा ठरतो. या बाईंच्या बाबतीत यांपैकी काहीच नव्हते. होती ती बारीकसारीक कटकट, आणि त्या कटकटीबद्दल वाटणारी मोठी लाज.

ही लाज मला चिडचिडीपेक्षा अधिक घातक वाटते. किरकोळ कटकटींना मानसशास्त्र किरकोळ मानत नाही. रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते, की माणसाच्या मानसिक त्रासाचा अंदाज आयुष्यातल्या मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या लहानसहान वैतागांवरून अधिक चांगला बांधता येतो. मोठ्या संकटात लोक धावून येतात, आपण स्वतःही कंबर कसतो. नळ गळतो म्हणून कोणी विचारपूस करायला येत नाही.

म्हणून मी त्यांना चांगल्या गोष्टींची वही बाजूला ठेवायला सांगितली आणि एक आठवडाभर फक्त वैताग लिहून आणायला सांगितले. यावर एखादा जाणकार वाचक हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकुलो यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी पहिल्यात काही जण दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञता वाटलेल्या गोष्टी लिहीत होते आणि काही जण वैताग आणणाऱ्या. पहिल्या गटाला आपले आयुष्य एकंदरीत अधिक समाधानाचे वाटले. वैताग नुसता लिहीत राहिल्याने तो मुरतो, हे मलाही मान्य आहे. मला मात्र यादी हवी होती ती सुटण्याजोगे वैताग निवडून काढण्यासाठी, आणि तीही एकदाच.

एकतीस नोंदी आल्या. हिशेबनीस बाईंनी प्रत्येक नोंदीपुढे वेळ आणि कालावधीही लिहिला होता. त्यातली एक गच्चीच्या दाराच्या कडीची होती. दार खाली बसले होते, त्यामुळे खांद्याने रेटून ते वर उचलल्याखेरीज कडी लागत नसे. सकाळी एकदा, रात्री एकदा, अशी चार वर्षे. मी विचारले, "दुरुस्त का नाही करून घेतलं?" त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "इतक्या क्षुल्लक गोष्टीचं काय बोलायचं? लोकांना डोक्यावर छप्पर नसतं."

आमच्या सगळ्या भेटींमधले कळीचे वाक्य मला हेच वाटते. ज्या गोष्टीला त्या कृतज्ञता समजत होत्या, तिनेच ती कडी चार वर्षे तशी ठेवली होती. दुसऱ्यांच्या दुःखाचे माप लावून स्वतःची अडचण गप्प करणे म्हणजे कृतज्ञता, ही समजूत आपल्याकडे लहानपणापासून मनात भरवली जाते, आणि गप्प केलेली अडचण दिवसभर दुसऱ्याच कुणावर तरी ओरडत राहते. पुढच्या आठवड्यात सुताराने बिजागरीचे झिजलेले स्क्रू बदलले. काम दहा मिनिटांचे निघाले, आणि त्या दिवशी बाईंना आनंदाऐवजी स्वतःचाच संताप आला, हेही सांगायला हवे.

अशा सुटण्याजोग्या सात-आठ नोंदी निघाल्या. उरलेल्या माणसांच्या होत्या: यजमान ओला टॉवेल गादीवर टाकतात, मुलगी निघायच्या वेळी रेंगाळते, शेजारच्या टेबलावरचे सहकारी फोनवर ओरडून बोलतात. येथे मला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती उपयोगी पडते. 'हे मला आवडत नाही' आणि 'हे असे असताच कामा नये' या दोन वाक्यांत त्यांनी जो भेद केला, तो टॉवेलपुरताही खरा असतो. बाईंना तो लगेच पटला नाही. "म्हणजे टॉवेल गादीवरच राहू द्यायचा?" त्यांनी विचारले. तसे नव्हे, यजमानांना सांगायचे, हवे तितक्यांदा सांगायचे, पण त्या टॉवेलाच्या हाती आपली संध्याकाळ द्यायची नाही.

मग ती पहिली वही पुन्हा उघडली. आता आठवड्यातून एकदाच, एकच गोष्ट लिहायची होती. अट एवढीच, की ती डोळ्यांनी पाहिलेली किंवा कानांनी ऐकलेली असावी. जास्त लिहिले म्हणजे जास्त फायदा, असे नसते. नॉर्बर्ट श्वार्ट्स यांच्या 1991 सालच्या एका प्रयोगात, आपण ठामपणे वागल्याचे 6 प्रसंग आठवायला सांगितलेल्या लोकांनी स्वतःला ठाम मानले. 12 प्रसंग आठवायला सांगितलेल्यांना ते आठवताना इतके जड गेले, की त्यांनी स्वतःला कमी ठाम ठरवले. रोज तीन चांगल्या गोष्टी ओढून काढताना बाईंचेही असेच काहीसे झाले असावे, असा माझा कयास आहे.

पहिली नोंद कोरडी होती: 'सहकाऱ्याने मदत केली.' मी खोदून विचारू लागले, तसे एकेक बाहेर येऊ लागले. ताळेबंद जुळत नव्हता, कार्यालय रिकामे झाले होते, आणि एक जण घरी न जाता चाळीस मिनिटे आकडे वाचून दाखवत बसले होते. "कोण?" मी विचारले. बाई थांबल्या आणि हसू लागल्या. फोनवर ओरडून बोलणारे तेच गृहस्थ होते ते, आणि आकडेही त्यांनी त्याच खणखणीत आवाजात वाचले होते. त्यांचा आवाज दुसऱ्या दिवशीही बाईंना खुपलाच. तसे त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितले.

याच सुमारास, चौथ्या भेटीत, त्या चाचरत म्हणाल्या, "एक सांगू? तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला पहिल्या दिवसापासून छळते आहे." मी घड्याळ काढून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवले. यापूर्वी किती जणांनी ती टिकटिक माझ्याबद्दलच्या आदरापोटी सोसली असेल, हा विचार मला अजूनही ओशाळवाणा वाटतो.

चौथ्या महिन्यातल्या शेवटच्या भेटीत त्यांनी वहीतले एक पान वाचून दाखवले. त्यांच्या परवानगीने ते येथे देते: 'उशीर झाला होता म्हणून मुलीला हाक मारायला गेले. ती केस विंचरताना गुणगुणत होती. मी दारातच थांबले. दुसरे कडवे तिला आठवले नाही म्हणून तिने पहिलेच पुन्हा म्हटले. बस चुकली.'

"मग चिडलात का?" मी विचारले.

"चिडले ना," वही पिशवीत ठेवत त्या म्हणाल्या. "चांगली पाच मिनिटं."